पाणी खाली जातं, पैसा वर येत नाही

(तळेगाव दाभाडे येथील बैठकीत संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाऊस बदललाय हे आम्हाला कुणी सांगायला नको. राबावर वरईची रोपं तयार होतात आणि नेमकं लावणीला आभाळ दडी मारतं. मग फुटतं ते एकदमच. 19 जुलै 2023 च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकरांची वाडी, आपलीच माणसं. 27 मृतदेह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत. त्याआधी 30 जुलै 2014 ला आंबेगावात माळीण.

सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान 2020 पासून चालू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच भागांत गुण, गुणांवर बक्षीस. चांगलंय. पण गुण मिळतात ते नगरपालिकेला नाहीतर ग्रामपंचायतीला. गावाच्या टोकाला डोंगराला चिकटलेल्या वाडीला त्यात रकानाच नाही.

वाडीवर येतात ती रोपं. एका कारखान्याची माणसं जूनमध्ये गाडी भरून आली, फोटो काढले, गेली. खड्डे पडले कुठं? आपण नाचणी करतो त्या उतारावर. दावा दाखल, पोच आपल्याकडं, तपासणी बाकी. वनहक्क कायदा 2006, कलम 4(5) सांगतं की तपासणी नि मान्यता पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून उठवता येत नाही. झाडं लावूनही नाही! उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. आमच्याच बायांनी चार हंडे घातले, जीव आहे म्हणून.

आम्ही झाडांच्या विरोधात नाही. जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला कलम 5 नं दिलाय. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू किती तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते. मावळात आमच्या वाड्यांना तेच हवंय.

आता पाण्याचं. पवना धरणाचं पाणी नदीत सोडतात, रावेतला उचलतात, पिंपरी-चिंचवड पितं. धरणात जमिनी कुणाच्या गेल्या ते इथं बसलेल्यांना ठाऊक आहे. बंद जलवाहिनीला विरोध करताना 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ गोळीबारात तीन शेतकरी गेले. दिवस होता जागतिक आदिवासी दिनाचा. शहराला पाणी देऊ नका असं आम्ही म्हणत नाही, कामाला आम्हीही तिथंच जातो. पण वरचा डोंगर राखला तरच धरणात गाळ कमी येणार. राखतं कोण? मग खर्चात वाटा नको?

याच तळेगावात 1908 साली लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तसा शहराच्या पाणीपट्टीतला एक पैसा डोंगराचा म्हणून बाजूला काढा. तो ठेकेदाराकडं नको, वाडीच्या ग्रामसभेच्या खात्यावर द्या. त्यातून बांध, झऱ्यांची दुरुस्ती, पावसाळ्याआधी दरडीची पाहणी करू. पाहणीला भूजलवाले, कृषीवाले यावेत, आमच्या म्हाताऱ्यांसोबत चालावेत. कुठली भेग जुनी नि कुठली नवी, ते त्यांना माहीत आहे.

हे निवेदन तहसीलदार आणि महापालिका दोघांनाही द्यायचंय. ज्या वाड्यांच्या दाव्याच्या पोचपावत्या हरवल्यात त्यांनी जेवणाआधी नावं लिहून द्या. सामूहिक दाव्याचे नकाशे मागच्या खोलीत लावलेत. चुकलेली हद्द आजच पेन्सिलीनं खुणवा.