दारापुढची खुर्ची



अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन आलेला माणूस बोलायला बसला, की नायगराचा धबधबा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ऐकून घेण्याची तयारी आपण ठेवलेलीच असते. परंतु मला दिलेल्या मोजक्या मिनिटांत मी त्यांचे नाव पुन्हा काढणार नाही. मला एका खुर्चीविषयी बोलायचे आहे. ही खुर्ची पत्र्याची असते, तिची पाठ शिंपल्यासारखी पसरट असते, बहुधा तिला हिरवा नाहीतर तांबडा रंग दिलेला असतो, आणि जुन्या पद्धतीच्या, एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या मोटेलमध्ये ती प्रत्येक खोलीच्या दारापुढे मांडलेली असते. खोलीच्या आत नव्हे, दारापुढे.

मोटेल म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहेच. मोटर आणि हॉटेल या दोन शब्दांचा संधी करून आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने १९२५ साली कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे हे नाव पाटीवर चढवले, एवढे सांगून मी पुढे जातो. कारण मोटेलचे स्वरूप समजायला मराठी माणसाला इतिहासाची गरज नाही. त्याने गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांपुढे आणावी, तिचे वरचे मजले उतरवून टाकावेत आणि उरलेली ओळ हमरस्त्याच्या कडेला ठेवून द्यावी, की मोटेल तयार झाले. तीच ओळीने मांडलेली दारे, तीच सामाईक पडवी, आणि पहिल्या खोलीत राहून आल्यागेल्यावर नजर ठेवणारे तेच बिऱ्हाड. चाळीतली माणसे संध्याकाळी गॅलरीत येत, कारण आत जागा नसे. येथे पलंग, स्नानगृह, थंड हवेचे यंत्र अशी सर्व तजवीज आत असल्यामुळे माणसाने बाहेर यावे म्हणून खुर्ची ठेवावी लागते. बर्फाचे यंत्र तेवढे सामाईक असते, पण त्यापुढे बादली घेऊन कोणी कोणाच्या कुळाचा उद्धार केलेला मी पाहिला नाही.

आम्ही उभयता आणि चिरंजीव मोटारीने पश्चिमेकडे चाललो होतो. आदल्या रात्रीचा मुक्काम एका साखळी-हॉटेलात झाला. तिथली खिडकी उघडेना, म्हणून तक्रार केली, तेव्हा ती उघडण्यासाठी केलेलीच नाही, असा नम्र खुलासा मिळाला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला न्यू मेक्सिकोतील टूकमकेरी या गावी पोचलो. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा जो सहासष्ट क्रमांकाचा रस्ता १९२६ साली ठरला, त्या जुन्या रस्त्यावरचे हे गाव. तेथील ‘ब्लू स्वॅलो’ मोटेलची निऑन पाटी प्रसिद्ध आहे आणि ती आम्ही मोटारीतून डोळे भरून पाहिली. आम्ही उतरलो ते त्याच रस्त्यावरच्या एका साध्या मोटेलमध्ये. अशा मोटेलच्या पाटीवर ‘नो व्हेकन्सी’ या दोन शब्दांतला ‘नो’ स्वतंत्र दिव्याचा असतो. तो विझलेला दिसला, की जागा आहे असे समजावे.

ऑफिसातली घंटी वाजवली, तो आतून हिंगमोहरीच्या फोडणीचा वास आला आणि त्यामागोमाग मालकीणबाई आल्या. त्या नवसारीकडच्या. अमेरिकेतील मोटेलांचा मोठा हिस्सा गुजराती कुटुंबांच्या हाती आहे, हे मी ऐकून होतो. पण एके काळी काही विमा कंपन्या या लोकांना विमाच नाकारीत आणि शेजारचे मालक ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या मुद्दाम लावीत, हे त्या बाईंकडून कळले. नोंदवहीत नावे लिहून घेऊन त्यांनी किल्ली पुढे केली, खरी, दातांची, पितळेची, चौकटच्या एक्क्यासारख्या प्लास्टिकच्या बिल्ल्याला अडकवलेली, आणि म्हणाल्या, “काका, खुरशी बहार छे, बेसजो.”

चिरंजीव फोन घेऊन आत गेले, आणि येथेच मला तरुण मंडळींना थोडे रागवायचे आहे. बाबांनो, आत सर्वत्र सारखेच असते. मी खुर्चीत बसलो. शेजारच्या दारापुढे एक वृद्ध गृहस्थ ओल्या फडक्याने मोटारीच्या काचेवर चिकटलेले किडे पुसत होते. ते आपणहून आपल्या खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या वडिलांचा पेट्रोलपंप याच रस्त्यावर होता. १९५६ साली आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दीत महामार्गांचा कायदा झाला, पुढे नवा रुंद रस्ता गावाला वळसा घालून गेला, आणि गिऱ्हाईक डोळ्यांदेखत पलीकडून जाऊ लागले; १९८५ साली सहासष्ट क्रमांकच सरकारी यादीतून रद्द झाला. हे सर्व त्यांनी काडीचाही राग न दाखवता सांगितले, आणि मग सौभाग्यवतींनी दिलेली चकली तोंडात टाकून पुन्हा काच पुसायला गेले. ही भेट बंद खिडकीच्या आत झाली असती काय? मी पुन्हा सांगतो, खुर्ची दारापुढे असते म्हणून ती झाली.

या खुर्चीचे गुणगान करताना एक गोष्ट दडवता येत नाही. ती सर्वांसाठी नव्हती. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे रात्र काढता येईल, हे सांगणारी पुस्तिका व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याला १९३६ पासून काढावी लागली. आणि मेम्फिसच्या लोरेन मोटेलमध्ये ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ३०६ क्रमांकाच्या खोलीतून बाहेर येऊन अशाच एका सामाईक गॅलरीत उभे असता… पण स्टुडिओच्या काचेपलीकडून कार्यक्रम अधिकारी बोट दाखवीत आहेत, आणि तो विषय अर्ध्या मिनिटात उरकण्याचा नव्हे.

तेव्हा उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्यांना एवढीच विनंती, की एक तरी रात्र साखळीबाहेरच्या मोटेलमध्ये काढा. खोली आधी पाहून घ्या; मालकाला त्यात अपमान वाटत नाही. सामान आत टाका आणि खुर्ची आत ओढू नका. सकाळी निघताना किल्ली परत द्यायला विसरलात, तर बिल्ल्यावरचा मजकूर वाचा. जुन्या बिल्ल्यांवर पत्ता छापलेला असतो, आणि कोणत्याही टपालपेटीत टाका, टपालखर्च आम्ही देऊ, असेही लिहिलेले असते.