कशावरून?

आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची बारावी २०२१ सालची. परीक्षा न देता पास झालेली बॅच म्हणून तुम्ही टोमणेही पुष्कळ ऐकले असतील. करोनामुळे परीक्षा रद्द झाली आणि राज्य मंडळानं सूत्र ठरवलं : दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के. निकाल लागला ९९.६३ टक्के. त्या आकड्याची थट्टा सगळ्यांनी केली. पण त्या सूत्राचा एक मोठा गुण होता, तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. आपले गुण कसे आले, हे कुणीही घरी पेन-कागद घेऊन ताडून पाहू शकत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या मुलांना ते शक्य नव्हतं. तिथेही ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या होत्या. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अपेक्षित श्रेणी कळवली, वर्गातला क्रमही लावून दिला. मग ऑफक्वाल या परीक्षा-नियामक संस्थेच्या अल्गोरिदमनं त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल पाहिले आणि श्रेणी नव्यानं ठरवल्या. १३ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. शाळेचे आधीचे निकाल बेताचे असतील, तर तिथल्या हुशार मुलाला आपल्या आधी शिकून गेलेल्यांच्या गुणांचा फटका बसला. उलट, एखाद्या विषयाला चार-पाचच विद्यार्थी असतील तर अल्गोरिदम बाजूला ठेवून शिक्षकांचीच श्रेणी धरली गेली. आणि इतक्या लहान तुकड्या महागड्या खासगी शाळांनाच जास्त परवडतात. मुलं लंडनच्या रस्त्यावर उतरली. चार दिवसांत सरकारनं माघार घेतली आणि शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरल्या. मुलांची प्रतवारी करणाऱ्या अल्गोरिदमवर आदल्याच वर्षी कथा लिहून बक्षीस मिळवलेली एक मुलगी होती. तिचीही श्रेणी त्यात घसरली होती.

आज आपण ज्याला एआय म्हणतो, तसं त्या अल्गोरिदममध्ये काही नव्हतं. साधं संख्याशास्त्र होतं. त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना त्यातलं सगळं गणित कळत होतं, असंही नाही. पण काय विचारायचं, ते त्यांना नेमकं कळलं : माझ्याबद्दल हे कशावरून ठरवलं, आणि कुणी?

किशोरवयीन मुलांनी एआय शिकावं, याला माझ्या दृष्टीनं एवढंच कारण पुरेसं आहे. पालकसभेत तुम्हाला दुसरं कारण ऐकू येईल : नोकऱ्या. ते मला फारसं पटत नाही. आज आठवीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंत आजची साधनं शिळी झालेली असतील. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हापासून ‘प्रॉम्प्ट कसा द्यावा’ हे शिकवणारे क्लास किती निघाले आणि त्यांतल्या किती युक्त्या बाद झाल्या! मुलानं कोणता व्हिडिओ पाहावा, हे ठरवणारं यंत्र मात्र आजच त्याच्या हातात आहे. त्याच्याबद्दलचे निर्णय सुरू झालेत. तो नोकरीला लागेपर्यंत ते थांबणार नाहीत.

‘पण आम्ही कॉम्प्युटरचे शिक्षक नाही’, असं तुमच्यातले मराठीचे, इतिहासाचे लोक म्हणतील. सीबीएसईनं २०१९ मध्ये नववीसाठी एआय हा ऐच्छिक विषय सुरू केला, हे खरं. तुमच्या शाळेत तसा विषय नसेल, कदाचित संगणक कपड्याखाली झाकलेला असेल. तरी अडत नाही. खडू-फळ्यावर एक तास घ्या. ‘सूर्य पूर्वेला’ एवढं लिहा आणि पुढचा शब्द प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘उगवतो’ येईल. मग लिहा, ‘आमच्या गावच्या जत्रेत’. आता चिठ्ठ्या फुटतील : पाळणा, कुस्त्या, तमाशा, गर्दी. चिठ्ठ्या मोजा, कोष्टक करा आणि मुलांना सांगा, की भाषेचं यंत्र मुळात हेच करतं, फक्त अफाट मजकूर वाचून आणि अफाट वेगानं. पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते काढतं. या यंत्रांचा पाया ज्या २०१७ च्या शोधनिबंधानं घातला, त्याच्या आठ लेखकांपैकी एक, निकी परमार, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेली. हेही मुलांना जरूर सांगा. हे सगळं परग्रहावर घडत नाही.

चिठ्ठ्यांच्या त्या खेळातून एक गोष्ट मुलांना आपोआप उमगेल. सर्वांत जास्त चिठ्ठ्या ज्या शब्दाला, तो खराच असेल असं नाही. म्हणूनच हे यंत्र कुणी कधीच न लिहिलेल्या पुस्तकाचं नावही ठामपणे सांगतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले न तपासता कोर्टात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. शिकले-सवरलेले वकील फसतात, तर नववीतल्या मुलाला दोष कसा द्यायचा?

दुसरी गोष्ट नाजूक आहे. या वयात मुलं घरात बोलत नाहीत. ती यंत्राशी बोलतात. ते रागावत नाही, कंटाळत नाही आणि ‘तुझं चुकलं’ असं सहसा म्हणत नाही. हे आजचं नाही. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम जाहीर केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. वायझेनबाउम तो प्रोग्राम कसा लिहीत होते, हे त्यांच्या सेक्रेटरीनं महिनोन्‌महिने पाहिलेलं होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. मोठ्या, जाणत्या बाईचं हे झालं. पंधरा वर्षांच्या एकट्या पडलेल्या मुलाचं काय होत असेल, याचा विचार करा. आणि एखाद्या मुलीचा फोटो घेऊन कुणी अशाच यंत्राकडून खोटं चित्र बनवलं, तर दोष तिचा नाही, हे आधीच वर्गात बोलून ठेवा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या.

मग यंत्रावर बंदी घालायची का? बुद्धिबळाकडे पाहा. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आता तर फोनमधलं इंजिनही जगज्जेत्याला भारी पडतं. तरी पोरं बुद्धिबळ खेळायची थांबली नाहीत. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बरीच वर्षं इंजिनाला हात लावू दिला नव्हता. आधी पटाकडे बघ, स्वतः हिशेब कर, असा त्यांचा आग्रह. बाराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला, तोही असाच. इंजिन हाती आलं ते नंतर. यंत्र कधी द्यायचं, हे तिथे शिक्षकानं ठरवलं, कंपनीच्या जाहिरातीनं नाही. तो अधिकार आज तुम्हाला मिळतो आहे.

आणि निबंध? तो यंत्राकडून लिहून आणला तर काय बिघडलं, असं मुलं तोंडावर विचारतील. त्यांना मुक्ता साळवेबद्दल सांगा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. तोवर जे लिहिलं गेलं होतं, त्यात तिच्या लोकांचं दुःख त्यांच्या तोंडून आलेलं जवळपास नव्हतंच. त्या काळचं सगळं छापील मराठी एखाद्या यंत्राला वाचायला दिलं असतं आणि पुढचा शब्द विचारला असता, तर तिचा निबंध त्यातून कधीही निघाला नसता. उलट, तिला गप्प बसवणाऱ्यांचीच वाक्यं निघाली असती, तीही शुद्ध भाषेत. आजही पारधी वस्तीवरचं, ऊसतोड कामगारांच्या पालांवरचं, मेळघाटातलं किती मराठी त्या यंत्रानं वाचलं असेल? ते तुमच्या वर्गातल्या मुलांच्या जिभेवर आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या आठवड्यात ‘माझा आवडता ऋतू’ देऊ नका. मुलांना आपल्या गल्लीचा, आजीच्या गावाचा किंवा बंद पडलेल्या गिरणीचा इतिहास विचारून लिहून आणायला सांगा. मग तोच विषय त्यांच्यासमोर यंत्राला द्या आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून लाल पेन मुलांच्या हातात द्या. यंत्राच्या वाक्यावाक्याखाली त्यांना ‘कशावरून?’ लिहू द्या. एखाद्या दिवशी ती तोच प्रश्न तुम्हाला, मला आणि सरकारलाही विचारतील. तेव्हा कृपा करून त्यांना खाली बसवू नका.