वडिलांचा दिवस आणि उन्हाळा



जूनचा तिसरा रविवार अमेरिकेत वडिलांचा दिवस म्हणून पाळतात. तिकडे उन्हाळा तेव्हा नुकता लागतो. साहजिकच तो सहलीचा, मेजवानीचा दिवस. मात्र असा पहिला सोहळा शोधू गेलो, तो मी कोळशाच्या खाणीशी पोहोचलो. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगाच्या खाणीत स्फोट झाला. सरकारी मोजणीने ३६२ माणसे गेली, शेकडो मुले बापावाचून उरली. ५ जुलै १९०८ ला जवळच्या फेअरमाँट गावी ग्रेस गोल्डन क्लेटन यांच्या सूचनेवरून वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली. ती प्रथा तिथेच थांबली. पुढे १९१० साली स्पोकेन शहरात सोनोरा डॉड यांनी सुरू केलेला सोहळा टिकला. १९७२ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली.

आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. सूत जपले जाई, माणूस उकडून निघे. वैशाखात ते घरी येत, तेव्हा सदऱ्यावर घामाचे मीठ पांढरे दिसे. आई तांब्याभर पाणी पुढे करी. आम्ही मुले मात्र खाऊ आणला का, एवढेच विचारीत असू.

१९४८ च्या कारखाना कायद्यात हवा व तापमानाचे कलम आले. पण रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याच्या डोक्यावर छप्परच नाही! तोही कोणाचा तरी बाप आहे. त्याला भर दुपारी सावली, पाणी आणि विसावा मागून घेऊ या. तो संध्याकाळी धडधाकट घरी आला, की त्याच्या मुलांचा सण झालाच.