कित्ता उतरा, मग पुस्तक मिटून लिहा
(जुन्नर-आंबेगांवकडील शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत केलेलें भाषण)



पोराला कोणी सांगितलें कीं, चांगल्या ग्रंथांतलें रोज एक पान उतरून काढ, तर घरचीं माणसें विचारतात, "छापील पुस्तक घरांत असतां हा उपद्व्याप कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यासाठींच मी उभा आहें.

पुण्यास जातांना आपल्याला चाकण लागतें. तेथले संताजी जगनाडे जातीचे तेली, धंदा घाण्याचा. त्यांनीं तुकोबांचे अभंग आपल्या हातानें वहींत उतरून ठेवले. त्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं 1919-20 सालीं गाथा छापली. म्हणजे विद्वानांना तेल्याच्या वहीकडे जावें लागलें! तुकोबा जातीनें कुणबी, धंदा वाण्याचा; लिहून ठेवणारा तेली. विद्या अमक्याच्याच घरची, असें म्हणणारांना याहून दुसरें उत्तर काय पाहिजे?

आतां आपल्याकडे पाहा. जुन्नरचा हातकागद एके काळीं नांवाजलेला होता. कागदी लोकांनीं घाम गाळून तो केला. पण त्यावर अक्षर उमटलें तें बहुधा कुळकर्ण्याचें. शेतकऱ्याची काय ती नांगराची निशाणी! रोख्यांत काय लिहिलें आहे हें ज्याला वाचतां येत नव्हतें, त्यानेंच खालीं निशाणी केली. 1875 सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनीं सावकारांचे रोखे हिसकून जाळले, त्या संतापांत हीहि एक आग होती.

आज आपण सही करतों. पण अर्ज लिहायचा झाला कीं दुसऱ्याच्या दारीं जातों. तरुणपणीं मीं पाटाच्या पाण्याचा अर्ज शेजाऱ्याच्या अर्जावरून उतरून काढला. अक्षर मोत्यासारखें! पण गट नंबर शेजाऱ्याचाच राहिला, आणि पाणी मागितलें गेलें तें त्याच्याच उसाला. कचेरींत हशा झाला तो निराळाच. हात चालला होता, डोकें घरीं होतें. (मोबाईलवर आलेला मजकूर न वाचतां पुढें ढकलणारे तर हातहि शिणवीत नाहींत.)

मग उतरावें कसें? अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन (जन्म 1706) हा मेणबत्त्या व साबण करणाऱ्याचा मुलगा. छापखान्यांत उमेदवारी करी. 'स्पेक्टेटर' नांवाच्या इंग्रजी पत्रांतले लेख त्याला फार आवडले. तो प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपी, कांहीं दिवस सारें बाजूला ठेवी, मग टिपणावरून तो लेख स्वतः पुरा लिही आणि मूळाशीं ताडून आपल्या चुका दुरुस्त करी. आपल्या सुताराचा पोरगा दुसरें काय करतो? बापानें केलेल्या जुवाचें माप घेतो; पण नवें जूं बैलाची मान पाहून घडवतो.

कोणाचें उतरावें? मी म्हणेन, जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' घ्या. 1883 सालचा ग्रंथ. वाक्यें लांबलचक, कधीं दमछाक करणारीं. पण कुणब्याच्या घरांतली एकेक वस्तु त्यांत नांवानिशीं मोजलेली आहे. एक परिच्छेद उतरा, मोठ्यानें वाचा, पुस्तक मिटा. मग त्याच रीतीनें नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचा भाव पडला त्या दिवसाची हकीगत लिहा: क्रेट किती नेले, गाडीभाडें किती, हातांत काय उरलें, घरीं आल्यावर कोण काय बोललें. शब्द आपल्या आईच्या तोंडचे घाला. पुस्तकी शब्द उसने आणूं नका. आणि दुसऱ्याचें उतरलेलें आपल्या नांवावर खपवूं नका, ती चोरी आहे.

भगिनींनो, हें काम पुरुषांचें म्हणून मागें बसूं नका. 1855 सालीं जोतीरावांच्या शाळेंतील मुक्ता या मांगाच्या मुलीनें लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'ने छापला. तिनें आपल्याच लोकांचीं दुःखें लिहिलीं.

पुढल्या बैठकीला येतांना प्रत्येकानें वही आणावी. डाव्या पानावर ग्रंथकाराचा मजकूर, उजव्यावर तुमचा. आपण आधीं उजवें पान वाचूं.