नीलमणी फुकन यांची कविता: स्वागताध्यक्षीय भाषण

आधुनिक असमिया कवितेच्या विचारासाठी भरलेल्या या परिषदेचा आरंभ नीलमणी फुकन यांच्या कवितेने होत आहे याचा स्वागत समितीला विशेष आनंद वाटतो.

फुकन यांचा जन्म १९३३ मध्ये देरगाव येथे झाला, गुवाहाटी विद्यापीठातून इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर त्यांनी १९६४ पासून निवृत्तीपर्यंत त्याच शहरातील आर्य विद्यापीठ महाविद्यालयात अध्यापन केले, आणि १९ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितेवर प्रतीकवादाचा, म्हणजे भाव थेट न सांगता वस्तूच्या वा प्रतिमेच्या द्वारे सुचवण्याच्या फ्रेंच काव्यपद्धतीचा, प्रभाव सांगितला जातो आणि तिला दुर्बोधही ठरवले जाते. परंतु हे निदान अर्धेच आहे. जपानी व चिनी कविता आणि स्पेनचा कवी लोर्का असमियात आणणाऱ्या या कवीने भारतातील आदिवासींची प्रेमगीतेही ‘अरण्यर गान’ या संग्रहात तितक्याच निष्ठेने अनुवादित केली, तर ‘लोककल्पदृष्टि’ या ग्रंथात आसामच्या लोककलेचा, म्हणजे गावोगावच्या अनाम कारागिरांनी घडवलेल्या रूपांचा, सौंदर्यदृष्ट्या विचार मांडला. नदी, पाऊस, दगड, शेत आणि मृत्यू त्यांच्या ओळींत स्पष्टीकरणाशिवाय शेजारी शेजारी येतात, आणि त्यांमागे जशी परदेशी काव्याची ओळख आहे तशीच थोडक्या रेषांत पुष्कळ सामावणारी ही लोककलेची नजरही आहे. म्हणून त्यांच्या कवितेतील हे स्पष्टीकरण टाळणारे मौन समाजाकडे फिरवलेली पाठ मानणे अन्यायाचे ठरते.

‘कविता’ या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार (१९८१), पुढे अकादमीची महत्तर सदस्यता, आणि २०२० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. बीरेंद्रकुमार भट्टाचार्य व इंदिरा गोस्वामी यांच्यानंतरचे ते तिसरे असमिया ज्ञानपीठविजेते होत. या पुरस्कारासोबतच गोव्याचे कोकणी कथाकार दामोदर मावजो यांचे २०२१ चे ज्ञानपीठ जाहीर झाले होते, हे पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना आठवत असेल.

परिषदेस आलेल्या अनुवादकांना समितीची आग्रहाची विनंती आहे की, फुकन यांच्या कविता इंग्रजी वा हिंदी भाषांतरांवरून न घेता मूळ असमियावरून मराठीत आणाव्यात, आणि त्यांच्या जोडीला ‘लोककल्पदृष्टि’तील निवडक लेखांचाही अनुवाद हाती घ्यावा.