देवाला कोणीं घडविलें ?



आजचा विषय आम्हीं निवडलेला नाहीं. तो आमच्या गांवच्या लोहारदादांनीं आमच्या गळ्यांत घातला आहे. गेल्या पावसाळ्यांत त्यांचा मुलगा जुलाब-वांत्यांनीं दोन दिवसांत गेला. पोर आमच्याच वर्गांतलें. समाचाराला गेलों तेव्हां चार लोक बोलले तेंच आम्हीही बोललों : दादा, देवाची इच्छा, आपल्या हातीं काय आहे ? ते गप्प राहिले. महिन्याभरानें शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, फाळ मी घडवितों. मला देवानें घडविलें म्हणतां. मग देवाला कोणीं घडविलें ? आणि सगळें त्याच्याच हातीं, तर माझा भाता कशाला ?"

आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत पाढे कसे शिकवावे तें शिकविलें होतें, हें नव्हे ! पुढें पुस्तकें चाळलीं, तेव्हां कळलें कीं, ख्रिस्ती पंडितांनीं याच प्रश्नांवर शेंकडों वर्षें खर्चिलीं आहेत. कचेरींत आपली बाजू मांडावी तशी श्रद्धेची बाजू बुद्धीपुढें मांडणें, याला ते धर्माचें मंडन समजतात. जस्टिन नांवाच्या गृहस्थानें इ. स. १५५ च्या सुमारास रोमच्या बादशहाच्या नांवें अशी कैफियत लिहिली, व पुढें त्याच श्रद्धेपायीं प्राण दिला. मराठींत हें काम बेळगांवच्या कासार घराण्यांत १८३१ सालीं जन्मलेल्या बाबा पदमनजींनीं केलें. परंतु दादांच्या प्रश्नाला नेमका हात घातला तो इटलींतल्या थॉमस अक्वायनस या मठवासी साधूनें. तो १२७४ सालीं वारला.

थॉमस म्हणतो, अवलंबून असण्याचे प्रकार दोन. गवंडी घर बांधून निघून जातो. तो मेला तरी घर उभें राहतें. फाळाचेंही तसेंच. पण दिवसाचा उजेड घ्या. तो सूर्यावर टेकलेला असतो. सूर्य गेला कीं मागें उरत नाहीं. जग देवावर टेकलें आहे तें घरासारखें नव्हे, उजेडासारखें, दर घडीला. म्हणूनच जगाला आरंभ होता हें त्यानें श्रद्धेनें मानलें, पण तें नुसत्या बुद्धीनें सिद्ध होत नाहीं असें सांगण्यास तो कचरला नाहीं. एवढा प्रामाणिकपणा वादांत क्वचित् आढळतो.

मग देवाला कोणीं घडविलें ? आपल्या घरांतली उतरंड पाहा. वरचें मडकें खालच्यावर, तें त्याच्या खालच्यावर. मडकीं दहा लावा कीं हजार लावा, खालीं जमीनच नसेल तर एकही उभें राहणार नाहीं. जमीन म्हणजे आणखी एक मडकें नव्हे. ज्याला स्वतःला टेकू लागतो त्याला थॉमस देव म्हणतच नाहीं.

यावर आक्षेप नाहीं असें नाहीं. स्कॉटलंडच्या ह्यूमचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर १७७९ त निघाला. त्यांतला आक्षेप असा कीं, प्रत्येक मडकें कशावर आहे तें सांगितलें म्हणजे सगळ्या उतरंडीविषयीं निराळें विचारायला कांहीं उरत नाहीं. १९४८ सालीं लंडनच्या बीबीसी रेडिओवर कोपलस्टन हे जेझुइट पाद्री आणि बर्ट्रांड रसेल यांचा याच मुद्यावर वाद झाला. रसेल म्हणाले, जग आहे, बस्स. त्याचें कारण विचारण्यांत अर्थ नाहीं. कोपलस्टन म्हणाले, प्रश्नाचें तोंड असें बांधतां येत नाहीं. दोघेही जागचे हलले नाहींत. आमचा कौल कोपलस्टनकडे आहे, पण जमिनीपुरताच. देव एकांत तीन कसा, हें बुद्धीनें सिद्ध होत नाहीं असें खुद्द थॉमसनेंच म्हटलें आहे. तेव्हां जमीन दाखवून तिच्यावर कोणी आपलें दुकान थाटूं लागला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर त्या दुकानाचा हिशेब निराळा मागावा.

राहिला भाता. जर्मनींत श्लायरमाखर यानें, आपण सर्वस्वीं परावलंबी आहों ही भावना हेंच धर्माचें मूळ ठरविलें. त्यावर १८२२ त हेगेलनें टोमणा मारला कीं, मग कुत्रा सर्वांत चांगला ख्रिस्ती ठरेल ! टोमणा कडू आहे, पण आम्हांला तो झोंबला. दादांच्या दारीं आम्हीं जें बोललों तें त्याच जातीचें होतें. थॉमस तसें म्हणत नाहीं. देवानें सृष्ट वस्तूंनाही कारण होण्याचा मान दिला, असें तो म्हणतो. फाळ देव घडवीत नाहीं. दादाच घडवितात, आणि दादांचें असणें, त्यांचें बळ देवावर टेकलेलें असतें. एकानें केलें म्हणून दुसऱ्याचें काम उणें होत नाहीं.

मंडळी, आमच्या विहिरीला कठडा नव्हता. उकिरड्यावरून वाहणारें पाणी तींत उतरतें हें सगळ्या गांवाला दिसत होतें, आम्हांलाही. आणि आम्ही त्या बापाच्या दारीं उभे राहून देवाचें नांव सांगून आलों.

हें सारें आम्हीं दादांना सांगितलें. जमिनीचें त्यांना पटलें नाहीं. म्हणाले, "मास्तर, मडकीं दिसतात, तुमची जमीन दिसत नाहीं." विहिरीबद्दल ते कांहींच बोलले नाहींत. मात्र झांकणाची लोखंडी चौकट आज त्यांच्या भात्यापाशीं तयार उभी आहे. कठड्याला दगड कमी पडतात. ज्यांच्याकडे बैलगाडी असेल त्यांनीं येत्या रविवारीं सकाळीं ती शाळेपुढें आणावी.