मुलींना पोहणे शिकविण्याविषयी
(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नागोठणे येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकास चार शब्द बोलण्यास सांगितले. विषय मीच निवडला आहे. तो ऐकून काही मंडळींना हसू येईल, पण हरकत नाही.

आपले नागोठणे हे काही बेट नव्हे. तथापि आंबा नदी व तिची खाडी यांनी आपले सारे जीवन वेढले आहे. भरतीच्या पाण्यावर गलबते बंदराला लागत, त्या काळापासून हे गाव पाण्यावरच वाढले. आजही पावसाळ्यात आंबेचे पाणी बाजारपेठेत आणि एस. टी. स्थानकात शिरले म्हणजे आपणांस त्याचे नवल वाटत नाही. अशा गावी पोहता न येणे हे व्यंगच म्हटले पाहिजे. आपल्या मुलग्यांत ते क्वचित आढळते. मुलींत मात्र सरसकट आढळते.

यातील विसंगती पाहा. धुण्याची बादली घेऊन नदीवर कोण जाते? मुलगी. विहिरीवर पाणी शेंदते कोण? मुलगी. ओहोटीला खाडीच्या चिखलात कालवे, शिवल्या काढावयास जाणाऱ्या बहुतेक बायकाच. म्हणजे जिचा पाण्याशी नित्याचा संबंध, तिलाच पाण्याची विद्या नाही. आणि जो सुट्टीत गंमत म्हणून पुलावरून मुटके मारतो, तो त्या विद्येत पारंगत! माझ्या नोकरीच्या काळात दोन बहिणी धुणे धुवावयास गेल्या असता धाकटीचा पाय घसरला आणि थोरली तिला धरावयास उतरली. दोघींचीही नावे मला हजेरीपटावरून कमी करावी लागली. पाणी फार खोल नव्हते. त्यांचा नऊ वर्षांचा भाऊ तेच पात्र रोज पोहून जात असे. याहून अधिक त्याविषयी मी सांगत नाही.

हे केवळ आपल्याच गावचे दुःख नव्हे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा इंडोनेशियातील आचे प्रांताच्या कित्येक गावांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक संख्येने बुडाल्या. मुलगे पोहावयास व झाडावर चढावयास शिकत, मुली शिकत नसत, हे त्याचे एक कारण पुढे नमूद झाले. अर्थात पोहणे म्हणजे सर्व संकटांवर उतारा, असे मी म्हणणार नाही. जुलै १९८९ मध्ये याच आंबेने एका रात्रीत जांभूळपाड्याची जी दैना केली, ती आपल्यातील वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत. तशा महापुरात पट्टीचा पोहणाराही वाहून जातो. परंतु रोजची मरणे महापुराने होत नाहीत. ती डोक्याएवढ्या पाण्यात, काठापासून चार हातांवर होतात.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांजीबार नावाचे बेट आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याशी त्याचे शिडाच्या जहाजांच्या काळापासूनचे नाते. तेथेही चोहोकडे समुद्र असून मुलींना पोहणे वर्ज्य होते. कारण पोशाखाचे व मर्यादेचे. तेथील ‘पंजे’ नावाच्या उपक्रमाने (स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ मोठा मासा) आईबापांशी वाद घातला नाही. अंगभर पोहण्याचा पोशाख शिवला आणि गावातल्याच बायकांना तयार करून शिकविण्यास उभे केले. मग मुली आल्या. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडेही आक्षेप तेच आहेत: लोक काय म्हणतील, रंग काळवंडेल, लग्नाच्या वेळी कोणी विचारील. गेल्या २५ वर्षांत मी पुष्कळ स्थळे पाहिली. मुलीला पोहता येते म्हणून मोडलेले लग्न माझ्या ऐकिवात नाही.

१९५९ साली आरती साहा या बंगाली तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. आशियातील ती पहिली स्त्री. इतके लांब तरी कशास जावे? आंबा जिला मिळते त्या धरमतरच्या खाडीपासून मुंबईच्या गेटवेपर्यंत, सुमारे ३६ किलोमीटर, आपल्या महाराष्ट्रातील मुली पोहत गेल्या आहेत. आपणांस तेवढे नको. माझे मागणे पंचवीस हातांचे आहे: मुलीने पंचवीस हात पोहून काठ गाठावा आणि दमल्यास उताणी पडून तरंगत राहावे.

आम्ही चार-पाच जण गेल्या काही उन्हाळ्यांत हे करीत आहो. पायऱ्यांच्या विहिरीत उतरतात त्या दोन भगिनीच. आम्ही पुरुष काठावर दोर धरून बसतो, आणि तेही पाठमोरे नव्हे, कारण पाहाराच करावयाचा तर डोळे उघडे हवेत. कमरेला पूर्वीसारखा पांगाऱ्याचा बिंडा किंवा बूच बंद केलेला रिकामा डबा. पहिले चार दिवस केवळ तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे. मुलगी रडली तर तिला बाहेर काढतो. ढकलून देण्याची जुनी रीत आम्ही साफ बंद केली आहे. त्या रीतीने पाण्याचे भय जन्मभर बसते.

याबरोबरच दुसऱ्यास वाचविणेही शिकवितो. बुडणाऱ्याकडे उडी घ्यावयाची नाही. साडी, दोर, बांबू जे हाती येईल ते फेकावयाचे. बाहेर काढलेल्या माणसास घागरीवर पालथे घालून पोट दाबण्याचा किंवा गरगर फिरविण्याचा प्रकार अजून चालतो. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबीत राहावे आणि डॉक्टरांस बोलवावे.

संघाच्या शिक्षणनिधीतून गुणवंत विद्यार्थ्यांस बक्षिसे मिळतात, ती मिळावीतच. त्याच निधीतून त्या दोन भगिनींना उन्हाळ्यापुरते मानधन आणि दहा मुलींना अंगभर पोशाखाचे कापड मिळावे, असा ठराव मी आज लेखी दिला आहे. वर्ग चैत्र पाडव्यानंतर, सकाळी सहा ते आठ. आठ वर्षांवरील मुलींची नावे होळीपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत. आईने बरोबर यावे. काठावर बसण्यास चटई आम्ही आणू.